नाशिकची दक्षिणी पाठशाळा आणि माझे सव्वीस श्लोक

सोमवारी संध्याकाळी मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. एका मुलाने कालिदासाला राजा करून टाकलं होतं आणि त्याला अर्धा गुण द्यावा की नाही या विचारात मी असतानाच नाशिकहून फोन आला. निर्मलाताई बोलत होत्या, माझ्या गुरुजींच्या कन्या.

"अण्णांच्या डोक्यात गाठ निघालीय. गुरुवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, जिवाचं तसं काळजीचं नाही, पण आठवणीचं सांगता येत नाही."

अशा वेळी काय बोलतात ते मी बोललो.

"म्हणून पाठशाळेचा इतिहास उतरवून घेतेय. दुसरा भाग मुकुंदाने सांगितला. तिसरा वामनने टोरोंटोहून फोनवर सांगितला, दोन तास लागले. चौथा ज्याच्याकडे होता तो आता नाही, म्हणून अण्णांनी स्वतः सांगितला. पहिला राहिलाय. तो तुझ्याकडे आहे ना रे?"

मी "हो" म्हणालो.

हे एक अक्षर निस्तरायला मी दुसऱ्या दिवशी दोनशे दहा किलोमीटर गेलो. नाशिकची वर्णनं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. त्यांत द्राक्षं असतात, घाट असतात, आणि लेखक सदैव प्रसन्न असतो. या लेखात मी निघाल्यापासून परत येईपर्यंत घाबरलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. डिसेंबरात नाशिकला जाणार असाल तर स्वेटर न्या. माझी थरथर थंडीची नव्हती, पण थंडीही होतीच.

आधी पाठशाळेबद्दल. एकोणिसावं शतक संपायला वीस-एक वर्षं असताना कृष्णेपलीकडचे एक शास्त्री बैलगाडीत पोथ्या घालून नाशिकला निघाले. वाटेत एका नदीला पाणी होतं. गाडी उलटली, शास्त्री वाचले, पोथ्या वाहून गेल्या. नाशिकला पोचलं ते फक्त त्यांना पाठ होतं तेवढंच. त्यांनी इथे जी शाळा काढली तिला गाव दक्षिणी पाठशाळा म्हणू लागलं. पुढे कुणी गोरा अधिकारी पाहणीला आला, त्याने शेऱ्याच्या वहीत 'कॉलेज' असा शब्द लिहिला. तेव्हापासून दारावरच्या पाटीवर 'कॉलेज' आहे. विद्यार्थी अकरा होते. आमच्या वेळी चार, आमच्यानंतर कुणीच नाही.

पोथ्या बुडालेल्या माणसाचा कागदावर विश्वास राहत नाही. शास्त्र्यांनी नियम घातला: ग्रंथ लिहा, टीका लिहा, पण या पाठशाळेचा इतिहास लिहायचा नाही, पाठ करायचा. तो श्लोकबद्ध आहे, चार भागांत आहे, दर पिढीत जुळवून पुढे नेलेला आहे. गुरूला सगळा यायचा, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हवाली एकेक भाग व्हायचा. पहिला भाग माझा. सव्वीस श्लोक. त्यांत शास्त्र्यांना जागा कुणी दिली, पहिले विद्यार्थी कोण, पहिली काही वर्षं खाल्लं काय, हे सगळं होतं.

'होतं' म्हणतोय, कारण मला पहिले तीनच येतात. पोथ्या बुडतात तिथपर्यंत.

आमच्याकडे परीक्षेची एक रीत होती. म्हटलेलं बरोबर की चूक हे गुरुजी सांगत नसत. म्हणून झालं की "पुन्हा" म्हणत. मग आणखी एकदा "पुन्हा". तिन्ही वेळा सारखं आलं तर ते पाठ. मुकुंदाला त्याच्या भागासाठी त्यांनी इतक्या वेळा "पुन्हा" म्हटलं की शेजारच्या तांबटालाही दोन-चार श्लोक येऊ लागले होते. माझी पाळी आली तेव्हा मी वर्गात पहिला होतो, एकोणीस वर्षांचा होतो, आणि पुण्याच्या गाडीचं तिकीट माझ्या खिशात होतं. "झालं पाठ?" त्यांनी विचारलं. "झालं." "मग झालं," ते म्हणाले, आणि मला नमस्कार करू दिला. हुशार मुलाला विचारलं नाही, एवढंच घडलं. दोन वर्षांपूर्वी गुरुजींना बारीकसा झटका येऊन गेला आणि नेमकी सुरुवात त्यांच्या डोक्यातून पुसली गेली. तेव्हापासून तो भाग जगात एकाच ठिकाणी असल्याचा त्यांचा समज होता. माझ्याजवळ.

मंगळवारी साडेसातची एशियाड शिवाजीनगरहून वेळेवर सुटली. खिडकी मिळाली. भाडं दीडशेच्या आतबाहेर, वेळ साडेपाच तास म्हणतात, सहा धरा. चाकणपर्यंत ट्रक, नारायणगावपर्यंत टोमॅटोचे ट्रक. नारायणगावला गाडी वीस मिनिटं थांबते. तिथला चहा बरा असतो, वडा सकाळी तळलेला असेल तरच घ्यावा. मी काहीच घेतलं नाही.

आळेफाट्याच्या पुढे मला ती कल्पना सुचली. मी संस्कृत शिकवतो. अनुष्टुभ छंद आम्हा लोकांना घाम यावा तसा येतो. तेवीस श्लोक म्हणजे काय मोठंसं! वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी सुरुवात केली, बोटांवर अक्षरं मोजत. शास्त्र्यांना गोदातीरी जागा दिली. कुणी? एका दानशूर सावकाराने. नाव सोमनाथ ठेवलं, छंदात बसत होतं. सहा शिष्य निर्माण केले. एकाला आंधळा केला, ऐकणाऱ्याला वाईट वाटावं म्हणून.

शेजारी देवळ्याकडचे एक शेतकरी बसले होते. पुण्यात लेकीला भेटून परत चालले होते. बराच वेळ ते माझ्या बोटांकडे पाहत होते.

"जप करताय काय, मास्तर?"

"तसंच काहीसं."

"घाटाची भीती वाटती का? पुढं चंदनापुरीचा घाट हाय. पण ह्यो डायवर चांगला हाय. मी लय येळा आलो ह्याच्यासंगं."

"घाटाची नाही हो."

"मंग कशाची?"

मी सांगितलं, एका म्हाताऱ्या माणसाला भेटायला चाललोय.

"म्हातारा काय खातो काय तुम्हाला," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर भाजलेल्या शेंगा ओतल्या. "खा. उपाशी माणसाला जास्त भ्या वाटतं."

शेंगा खाल्ल्या. भीती तेवढीच राहिली, पण संगमनेर ते सिन्नर यादरम्यान उरलेले श्लोक झाले. सिन्नरला मी सगळे पुन्हा वाचले आणि त्यांतला सातवा मला चक्क आवडला. पुढे जे झालं त्याचं मूळ या आवडण्यात आहे.

नाशिक रोडला मुकुंदा गाडीत चढला. तो तिथल्याच एका छापखान्यात कामाला आहे आणि मला पोचवायला त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तीस वर्षांत त्याचं पोट पुढे आलंय, बाकी तोच.

"काय पंडित, चेहरा का असा? बस लागली?"

"मुकुंदा, तुला तुझा भाग अजून येतो?"

"झोपेत येतो. बायको तक्रार करते." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "तुला येतो ना?"

"येतो की."

जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ लॉज घेतलं. खोली अडीचशे, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, गादी बरी, आरसा इतका स्वच्छ की माझ्यासारख्याने पाहू नये. संध्याकाळी गंगेवर गेलो. बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात आणि काठावर जाण्याला गंगेवर जाणं. मळेवाल्या बाया मेथीच्या शेवटच्या जुड्या स्वस्तात काढत होत्या. पायरीवर बसून मी माझे श्लोक घोकले. खऱ्या श्लोकांसाठी एवढे कष्ट केले असते तर ही वेळ आली नसती, हे मला तिथे कळत होतं. तरी घोकत होतो.

बुधवारी सकाळी मुकुंदाने मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ खा, रस्सा वेगळा घ्या, वर पापड मागा. मी चार घास खाल्ले. तिथून सराफ बाजार उतरून तांबट आळीत. पाठशाळा पहिल्या मजल्यावर, खाली तांब्याच्या हंड्यांचं दुकान. दिवसभर ठोकाठोक. आम्ही त्या ठोक्यांवरच छंद शिकलो. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. मी कठडा धरून चढलो.

गुरुजी खुर्चीत बसले होते. कान टोपीने झाकलेले, अंगावर शाल, हात पूर्वीपेक्षा बारीक. निर्मलाताई वही उघडून तयार होत्या. वहीची पहिली पानं कोरी ठेवली होती.

"आलास," गुरुजी म्हणाले. "लवकर म्हण. माझ्याजवळ आजचाच दिवस आहे."

पहिले तीन म्हटले. नदी, गाडी, पोथ्या. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले नाहीत, पण डोळे मिटले. खाली ठोके पडत होते. चौथ्यापासून मी माझ्या हद्दीत शिरलो. सोमनाथ सावकार आला, जागा मिळाली, सहा शिष्य आले, आंधळाही आला. ताई भराभर लिहीत होत्या. मी न अडखळता सव्विसावा संपवला. मुकुंदा कौतुकाने पाहत होता. मला वाटलं, सुटलो.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

पुन्हा सुरू केलं. सातव्यापर्यंत सगळं ठीक. सातव्यात पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, 'गोदातीरे शुभे रम्ये', म्हणजे मंगल आणि रम्य अशा गोदातीरी. ते दोन्ही शब्द नुसती भरती आहेत, हे मला सिन्नरपासून टोचत होतं. आणि दुसऱ्या वेळी माझ्या जिभेने मला न विचारता ते सुधारलं: 'गोदातीरे जनाकीर्णे', माणसांनी गजबजलेल्या गोदातीरी. ओळ चांगली झाली. ती चांगली झाल्याचा आनंद मला एक क्षण झालासुद्धा.

ताईंचं पेन थांबलं. गुरुजींनी डोळे उघडले.

पाठ केलेलं सुधारत नाही. सुधारतो तो फक्त रचणारा. हे आम्हा तिघांना एकदमच कळलं, मुकुंदाला थोडं उशिरा.

"हे तुझं आहे," गुरुजी म्हणाले.

"हो."

"केव्हाचं?"

"कालचं. बसमध्ये."

"आणि आमचं?"

"तीनच येतात, गुरुजी. पुढचं कधी पाठच केलं नव्हतं."

मी तीस वर्षं ज्याला घाबरत होतो तो राग आला नाही. त्यांनी शालीचं टोक हातात घेतलं आणि ते नुसतं धरून बसले. शेवटी म्हणाले, "मी विचारलं नाही."

"नाही."

"मुकुंदाला विचारलं."

"मला चौदा वेळा विचारलं," मुकुंदा म्हणाला.

"म्हणजे ते सहा जण," गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तो आंधळा. तो नव्हता."

"नव्हता."

"मला वाटलं होतं, तो मला आठवतोय."

ते ऐकून माझ्या पाठीतून जे काही गेलं त्याला मराठीत किंवा संस्कृतात मला शब्द माहीत नाही. मी चोवीस तासांपूर्वी आळेफाट्याच्या पुढे जन्माला घातलेला माणूस या माणसाला आठवू लागला होता.

ताई पान फाडायला निघाल्या. गुरुजींनी हात वर केला. "एवढ्यात फाडू नकोस. आधी वहीच्या मागच्या पानावर उतरव, मग फाड. खाली याचं नाव घाल, आजची तिथी घाल. बसमध्ये रचले असंही लिही. पुढे पहिले तीन श्लोक लिही, खाली रेघ मार आणि जागा कोरी सोड." मग मला म्हणाले, "आता बस. जे आहे त्यातलं काही तरी तुझ्याजवळ असू दे. मला उद्याची भीती वाटते रे."

"भीती वाटते" हे त्यांनी 'पाणी दे' म्हणावं तसं म्हटलं. मी बसलो. त्यांनी मला दुसऱ्या भागातली प्लेगची वर्षं दिली. ते एक चरण दोनदा म्हणायचे, मी दोनदा म्हणायचो, चुकलो की मुकुंदा खोकायचा. प्लेग आला तेव्हा नाशिक रिकामं झालं, लोक गावाबाहेर झोपड्या करून राहिले. पाठशाळा एका पेरूच्या बागेत गेली. शास्त्री आता म्हातारे झाले होते. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं झाड दिलं आणि स्वतः मधल्या बांधावर बसून ओरडून पाठ देऊ लागले. सकाळी प्रत्येक झाडाखालून आवाज यायचा. आवाज आला नाही तर त्या झाडाकडे कुणी जायचं नाही. शास्त्री एकटे जायचे. श्लोकांत एवढंच आहे की दोन झाडं गप्प झाली, आणि त्यांचे भाग उरलेल्यांनी वाटून घेतले. त्या दोघांची नावं आहेत. ती छंदात नीट बसत नाहीत, ओढून बसवलीत. खरी नावं अशीच असतात.

चार वाजेपर्यंत मला सतरा श्लोक तिन्ही वेळा सारखे आले. मधे ताईंनी पिठलं-भाकरी दिली. प्रवासात मी नीट जेवलो ते तेवढंच.

जिना उतरल्यावर मुकुंदाने स्कूटरवरून ती बाग दाखवायला नेलं. गंगापूर रोडच्या अंगाला आता तिथे चार मजल्यांच्या इमारती आहेत. आवारात एक पेरूचं झाड होतं, पण ते नंतर लावलेलं, असं वॉचमन म्हणाला. "मालकीणबाईंनी लावलं. पेरू नाय धरत." ज्यांना जागा बघायची असेल त्यांनी बघावी, पण बघण्यासारखं काही नाही.

परत येताना सिग्नलला मुकुंदा म्हणाला, "चौदा वेळा, पंडित. मला वाटायचं मी ढ आहे."

गुरुवारी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतो, सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. ताई जपमाळ धरून होत्या, पण मणी पुढे सरकत नव्हते. मी मनात प्लेगचे श्लोक म्हणत होतो आणि दर वेळी दोन झाडांशी आलं की थांबत होतो. पुढे जायला भीती वाटायची, जणू मी पुढे गेलो तर आत काही होईल. असल्या समजुतींवर मी वर्गात विनोद करतो. डॉक्टर आले, म्हणाले, गाठ निघाली, बाकी शुद्धीवर आल्यावर. संध्याकाळी गुरुजींनी डोळे उघडले, ताईंना ओळखलं, पाणी मागितलं. शुक्रवारी मी परत निघालो. येताना चिवडा आणि गुळाची जिलबी आणली, घरी आवडली. चंदनापुरीचा घाट चढताना मी डोळे मिटून घेतले होते. तेव्हा मात्र घाटाचीच भीती होती.

हे सगळं होऊन महिना झाला. एवढ्यात मी रोज सकाळी ते सतरा श्लोक म्हणतो. ते आता माझ्याकडे आहेत, म्हणजे कुणीही यावं आणि तपासावं. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हुशार-ढ न पाहता सगळ्यांनाच विचारतो, आणि हुशारांना ते मुळीच आवडलेलं नाही. सोमनाथ सावकार आणि त्याचे सहा शिष्य मात्र डोक्यातून जात नाहीत. ते मला खऱ्यांपेक्षा चांगले पाठ आहेत.

काल ताईंचा फोन आला. गुरुजी घरी आले आहेत. चालतात, जेवतात, घरच्यांना ओळखतात. पाठशाळा तेवढी गेली. तिचे उरलेले तीनही भाग गेले. मुकुंदा भेटायला गेला तर "आपण कुठले?" असं अगदी अदबीने विचारलं.

"वही दिली मी वाचायला," ताई म्हणाल्या. "पहिल्यापासून वाचली, दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचावी तशी. बागेपाशी डोळे पुसले. मग मागचं पान उघडलं आणि मला हाक मारली. म्हणाले, अगं, सुरुवात इथे आहे. तू चुकून मागे लिहिलीस. पुढे नेऊन घाल."

"मग?"

"मग मी खालची ओळ दाखवली. बसमध्ये रचले, म्हणून. तुझं नाव वाचलं, ओळख पटली नाही. म्हणाले, कवी बरा आहे."

त्या दिवशी माझी जीभ सातव्या श्लोकात गप्प राहिली असती तर आज ते सहा जण वहीच्या पहिल्या पानावर बसले असते, आणि ते नव्हते असं सांगणारं जगात मी सोडून कुणी उरलं नसतं. मी सांगितलं असतं का, हे मला माहीत नाही. महिनाभर मी हाच प्रश्न टाळतोय.

"आणि कोऱ्या जागेचं काही विचारलं?" मी म्हटलं.

"विचारलं ना. मी सांगितलं, तो भाग ज्याच्याकडे दिला होता त्याने पाठ केला नव्हता."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, असू दे. लहान असेल तो."